सातव्यातलं उष्टावण

मला सगळे धीराची म्हणतात. बिल्डिंगमधल्या बाया, सासरचे, माहेरचे, एवढंच काय, उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला मेडिकलवाला सिंधी शेठसुद्धा. "बड़ी हिम्मतवाली हो, बेटा," असं म्हणतो आणि सिरिंजची पाकिटं पुढं सरकवतो. मला राग येतो. धीर वगैरे काही नाही. माझी मुलगी जन्मल्यापासून नाकातल्या नळीनं दूध पिते, आणि त्या नळीत दूध ओतता ओतता मला काही वाटायचंच बंद झालंय. त्याला लोक धीर म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

मुलीचं नाव जनी. माझ्या सासूबाईंच्या सासूचं नाव, त्यांनीच ठेवलं. जन्माच्या वेळी जनीला श्वास मिळायला उशीर झाला आणि मेंदूला मार बसला. पुढं काय काय जमेल ते पुढंच कळेल, पण गिळणं जमत नाही हे लगेच कळलं. तोंडात दूध दिलं की ते पोटात जायच्या ऐवजी छातीत उतरतं. नळी असूनही, उलटलेलं दूध छातीत जाऊन, दोनदा न्यूमोनिया झाला आणि दोन्ही वेळा उल्हासनगरच्या हॉस्पिटलात तिला मशीनवर ठेवावं लागलं. नाकातून पोटापर्यंत नळी, ती हलू नये म्हणून गालावर चिकटपट्टी, आणि चोवीस तास मी.

दूध द्यायचं म्हणजे नळीच्या बाहेरच्या टोकाला सिरिंज लावायची, तिचा दट्ट्या काढून टाकायचा, वरून दूध ओतायचं आणि सिरिंज उंच धरून बसायचं. दूध आपलं आपण उतरतं. पण त्याआधी रिकाम्या सिरिंजनं नळीतून थोडं ओढून बघायचं. पोटातलं, फाटलेल्या दुधासारखं पिवळट पाणी आलं, म्हणजे नळी पोटात आहे. नाही आलं तर दूध ओतायचं नाही. हॉस्पिटलातल्या जिज्ञासा सिस्टरनं हे माझ्याकडून घोटून घेतलं होतं. "आधी ओढायचं, मग ओतायचं. लाईट गेली, पाहुणे आले, घरात भांडण लागलं, तरी आधी ओढायचं."

लग्नाआधी मी जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला होते. पँट उलटी करायची, शिवणीवरून हात फिरवायचा, चेन वरखाली करायची, पुढची घ्यायची. तोंडानं गप्पा चालायच्या आणि हात आपलं काम करत राहायचे. जनीचं दूधही तसंच झालं होतं. मी तिच्याकडं बघत नव्हते, नळीकडं बघत होते. गाणं वगैरे म्हणायचे सुरुवातीला, मग तेही सुटलं. तिला मोठ्या मापाचे कपडे घेणं मी केव्हाच बंद केलं होतं, हे माझं मलाच एकदा दुकानात उभी असताना लक्षात आलं. तेव्हाही काही वाटलं नाही. आहे त्याच मापाचं झबलं घेतलं आणि घरी आले.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला. सुयोग, माझा नवरा, आनंदनगरला एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत आहे. माणूस चांगला आहे, पण नळी बदलायची वेळ आली की त्याचा चांगुलपणा कामाला येत नाही. जनीचं डोकं दोन्ही हातांनी धरतो आणि मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसतो. सासूबाई तर घरातच थांबत नाहीत. कौसाबाई म्हणजे बदलापूरच्या पुढच्या गावात भाताची शेती एकटीनं ओढलेली बाई, पण नळीचं पाकीट फाडल्याचा आवाज आला की पायात चपला सरकवतात आणि जिना उतरून खाली पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहतात. वर आल्यावर विचारतात, "झालं?" मी म्हणते, "झालं." बस, एवढंच बोलणं.

उष्टावणाचं त्यांनीच काढलं. सकाळची वेळ होती, त्या तांदूळ निवडत होत्या.

"पोरीला सातवा लागला. उष्टावण करून घेऊ."

आमच्यात मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करतात. मामाच्या मांडीवर बसवून मामाच्या हातानं खिरीचा पहिला घास द्यायचा. जनीचा पाचवा हॉस्पिटलात गेला होता.

"आई, तिला तोंडानं काही द्यायचं नाहीये," मी म्हटलं. "नवव्यात बघू. तोपर्यंत गिळायला लागली तर लागली."

"नववा कोनी बघितलाय गो?"

त्या हे ओरडून बोलल्या नाहीत. तांदळातला खडा उचलून बाजूला टाकावा तसं म्हणाल्या आणि निवडत राहिल्या. आदल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, अजून एकदा छाती भरली तर सांगता येत नाही. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, पण त्यांनी ते ऐकलं असणार. मला कळलं की हे उष्टावण नाही. पोरगी अन्नाला न शिवता जाऊ नये, म्हणून ही घाई चाललीये. भांडायला हवं होतं. पण नववा मी तरी कुठं बघितला होता? मी उठून जनीचं दूध गरम करायला गेले.

शेवटी मी जिज्ञासा सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, "तोंडात एक थेंब नको. रोजचंच दूध, रोजच्यासारखं नळीतून, फक्त मामाच्या हातानं ओता. दुधालाच खीर म्हणायचं."

सासूबाईंना सांगितलं.

"चालंल," म्हणाल्या. "मामाचा हात लागला म्हंजे झालं."

रविवार ठरला. सुयोगला नेमकी त्या रविवारी ड्यूटी लागली. लागली की त्यानं मागून घेतली, हे मी विचारलं नाही. मला वाटतं मागूनच घेतली.

माझा धाकटा भाऊ राजू बदलापूरहून सकाळीच आला. चांदीची वाटी आणली होती आणि चेहरा असा की जणू याच्यावरच ऑपरेशन होणार आहे. मी त्याला मोरीपाशी उभं करून वाटीतलं पाणी सिरिंजमध्ये ओतायचा सराव करायला लावला. अर्धं पाणी त्याच्या शर्टावर गेलं.

"ताई, मला नाही जमणार गं."

"जमेल. फक्त सावकाश ओत."

मग नणंद आली, किर्ती. ती कॅम्प एकमध्ये पार्लर चालवते. जनीसाठी गुलाबी फ्रॉक, केसांचा पट्टा, बारीकशा बांगड्या, सगळं घेऊन आली होती. आल्या आल्या तिनं मला आरशासमोर ढकललं.

"वहिनी, शकल देख अपनी. जा, साडी नेस, केस नीट कर. एक दिवस तरी माणसासारखी दिस ना. जनीला मी तयार करते."

मी जनीला तिच्याकडं दिलं आणि आतल्या खोलीचं दार लोटून साडी नेसले. किती दिवसांनी दोन्ही हात मोकळे होते. निऱ्या घालताना मधेच विसरायला झालं, म्हणून परत पहिल्यापासून घातल्या. मग स्वयंपाकघरात पाहुण्यांची खीर उतरवली. रीत म्हणून सासूबाईंची सोन्याची अंगठी वाटीत ठेवायची होती, ती उकळत्या पाण्यातून काढली. रोजचं दूध मोजून वाटीत घेतलं आणि बाहेर आले.

जनी खरंच छान दिसत होती. भांग पाडलेला, डोळ्यांत काजळ, हनुवटीवर तीट. गालावरची जाड पांढरी पट्टी जाऊन तिथं बारीक, आरपार दिसणारी पट्टी आली होती. पार्लरवालीचा हात, काठ अगदी नीट कापलेले. राजू म्हणाला, "ताई, ओळखूच येत नाहीये." आणि मला खोबरेल तेलाचा वास आला.

"गाल का चमकतायत तिचे?" मी किर्तीला विचारलं.

"पट्टी काढायला तेल लावलं थोडं. कितनी गंदी हो गई थी. अशीच ओढली असती तर कातडी निघाली असती बिचारीची. आता फोटोत नळी दिसणार पण नाही, बघ."

मी नाकाकडं बघितलं. नळी नाकात शिरते तिथं मी पेनानं खूण करून ठेवते, म्हणजे सरकली तर लगेच कळतं. खूण दिसेना. तेलानं पुसली असेल. आणखी विचारणार होते, पण सासूबाईंनी निरांजन लावलं होतं, राजू पाटावर बसला होता आणि किर्तीनं मोबाईल वर धरला होता. जनीला त्याच्या मांडीवर दिलं. सासूबाईंनी ओवाळलं. स्वतःची अंगठी वाटीतल्या दुधात सोडली आणि वाटी राजूच्या हातात दिली.

मी नळीला रिकामी सिरिंज लावली.

"वहिनी, जरा बाजूला हो ना, तुझा हात येतोय मधे," किर्ती म्हणाली. "राजूदादा, इकडे बघ. स्माईल."

माझ्या हातानं दट्ट्या ओढला. काही आलं नाही. परत ओढला. नुसती हवा.

"घाल आता दूध," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा, आई. आलं नाही."

"काय नाय आलं?"

"पोटातलं."

"रोज येतंय ना? एक दिवस नाय आलं तर काय झालं? वात सरत आली."

कधी कधी येत नाही, हे खरं आहे. तेव्हा कुशीवर वळवून परत बघायचं. मी जनीला राजूच्या मांडीवरच डाव्या कुशीवर केलं आणि ओढलं. काही नाही. मी दट्ट्या काढून बाजूला ठेवला. राजूनं वाटी सिरिंजच्या तोंडाशी आणून तिरकी धरली. अंगठी वाटीत घरंगळली.

"ओतू का, ताई?"

खरं सांगते, त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला फक्त हे एकदाचं संपावं असं वाटत होतं. ओतलं काय आणि नाही ओतलं काय, नववा कोणी बघितलाय, हे सासूबाईंचं वाक्य माझ्याच आवाजात डोक्यात आलं. मी हो म्हणाले असते. पण माझा अंगठा नळी दुमडून दाबून बसला होता आणि तो काही केल्या सुटला नाही. दुसऱ्या हातानं मी जनीची हनुवटी खाली केली. तोंड उघडलं. आत, जिभेच्या मागं, नळीचं वेटोळं पडलं होतं. पोटात नव्हतीच ती. घशातच होती.

"वाटी खाली ठेव, राजू."

"काय झालं?"

"खाली ठेव म्हटलं ना!"

किर्तीचा मोबाईल खाली आला. तिचा चेहरा पडला होता.

"ती... थोडीशी बाहेर आली होती गं, वहिनी. तेलामुळं सटकली. मी परत आत घातली. एकदम अलगद घातली. ती रडलीपण नाही."

जनी रडली तरी आवाज फुटत नाही. घरातल्या सगळ्यांना हे माहीत आहे.

"पार्लर आहे का हे?" मी ओरडले. असा आवाज माझ्यातून निघेल हे मलाही ठाऊक नव्हतं. "नळी आहे ती! वाटीभर दूध छातीत गेलं असतं तिच्या! फोटोत दिसू नये म्हणून? मेली असती ती, किर्ती, फोटो काढता काढता मेली असती!"

किर्ती तोंडावर हात घेऊन रडायला लागली. राजू नुसता वाटीकडं बघत होता. हे आपल्या हातानं झालं असतं, हे आत्ता त्याच्या डोक्यात शिरत होतं. मला कुणाची दया आली नाही. राग मात्र आला होता, आणि तो बरा वाटत होता.

मी पट्टी सोडवली आणि नळी पूर्ण काढून टाकली. जनीला उचलून गादीवर आणलं, साबणाच्या पाण्यानं गालांवरचं तेल पुसलं, गाल कोरडे केले. सासूबाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सुयोगचंच नाक हाय गो," त्या म्हणाल्या.

मी वळून बघितलं. त्या जनीच्या चेहऱ्याकडं अशा बघत होत्या की जणू घरात आजच आलंय हे मूल. मग मला कळलं. एक नळी काढून दुसरी घालेपर्यंतच तिचा चेहरा मोकळा असतो, आणि तेव्हा सासूबाई खाली टाकीपाशी असतात. सुयोग कॅलेंडर बघत असतो. आपल्या नातीचा चेहरा नळीशिवाय, पट्टीशिवाय त्यांनी आजवर बघितलाच नव्हता. आणि मी? मी दर वेळी समोर असते, पण मी तरी नाकाच्या भोकाशिवाय काय बघितलं होतं? ओठ लहानसे आहेत तिचे, वरचा जरासा पुढं आलेला. माझ्या आईसारखा.

मी कपाटातून नवी नळी काढली आणि पाकीट फाडलं.

तो आवाज आला मात्र, राजू उठून गॅलरीत गेला. किर्ती कोपऱ्यात रडतच होती. आणि सासूबाई दारात पोचल्यासुद्धा होत्या, एक पाय चपलेत घालून.

"आई," मी म्हटलं. "डोकं धरायला कुणी नाही."

त्या तशाच उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या. मी दुसऱ्यांदा बोलणार नव्हते. मग त्यांनी चपलेतला पाय काढला, मोरीत जाऊन हात धुतले आणि माझ्यासमोर गादीवर बसल्या.

"कसं धरू?"

"दोन्ही कानांवर हात ठेवा. घट्ट. आणि दुसरीकडं बघू नका. तिच्याकडंच बघा. निळी पडायला लागली की मला लगेच सांगायचं."

भातकापणीनं घट्टे पडलेले हात ते. जनीचं डोकं त्यांच्यात बसून गेलं. मी नळी नाकात घातली. जनीनं अंग ताठ केलं, तोंड उघडलं, तिला उमासा आला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, काजळ कानापर्यंत ओघळलं, आणि आवाज मात्र नाही. सासूबाईंनी नजर हलवली नाही. त्यांचे ओठ हलत होते.

"झालं गो बाय, झालं. झालं माझ्या जने. झालं."

अजून झालं नव्हतं, पण मी त्यांना बोलू दिलं. नळी उतरली. मी पट्टी लावली, खूण केली, सिरिंज लावून दट्ट्या ओढला. पिवळट पाणी वर चढलं.

"ह्येच काय ते?" सासूबाईंनी विचारलं.

"हेच."

त्या ते पाणी निरखून बघत राहिल्या. हात अजून जनीच्या डोक्यावरच होते.

"हे बघूनच दूध देतेस? दर टायमाला?"

"दर वेळी."

राजू गॅलरीतून आत आला होता. निरांजन विझलं होतं. त्यानं घाबरत घाबरत वाटी उचलली.

"आता ओतायचं का, मावशी?"

सासूबाई उठल्या. त्याच्या हातातून वाटी घेतली, दुधातली अंगठी बाहेर काढली, पदराला पुसली आणि आपल्या बोटात घातली.

"हे दूध आता राहू दे. दुसरं करून रोजच्यासारखं तिची आई दील. उष्टावण नवव्यात करू."

राजू गोंधळला. "पण तुम्हीच तर म्हणालात..."

"नवव्यात. नाय तर अकराव्यात. तोंडानं खाईल तवा. मामाला काय घाई हाय?" आणि कोपऱ्याकडं वळून म्हणाल्या, "किर्ते, ऊठ. डोळे पूस. पाव्हन्याला खीर वाढ."

मी दुसरं दूध करून आणलं. परत ओढून बघितलं, पाणी आलं. दूध ओतलं आणि सिरिंज उंच धरून बसले. जनी थकून माझ्याकडं बघत होती. दूध उतरायला लागलं. आणि माझा हात हलायला लागला. इतके महिने कधी हलला नव्हता. नवव्यात करू म्हणाल्या त्या. म्हणजे आठवा काढायचा. आठव्यात सर्दी व्हायला नको, छाती भरायला नको, पट्टी सुटायला नको, माझी एक वेळ चुकायला नको. तिला मोठ्या मापाचे कपडे लागतील. सिरिंज हिंदकळली आणि दुधाचा एक थेंब जनीच्या नव्या फ्रॉकवर पडला.

"काय झालं गो?" सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

"भीती वाटतेय, आई," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"मना पन वाटते गो," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या कोपराखाली हात दिला आणि सिरिंज रिकामी होईपर्यंत तसाच धरून ठेवला.